रिटर्न टाइप नेमका करावा, जेनेरिक्स लावावं का सरळ कास्ट करावं?

समजा आपण लातूरच्या मोंढ्यातल्या आडतीसाठी जावात सॉफ्टवेअर लिहायलाव. मेन क्लास व्यवहार, त्यात कागद काढायची मेथड, ती पावती परत देते. मग खरेदी नावाचा सबक्लास आला, तिथं नुसती पावती नाही तर काटापट्टी लागते, वजन ओलावा हमाली तोलाई सगळं असलेली. आता ओव्हरराइड करताना, म्हणजे मेन क्लासची तीच मेथड सबक्लासमधी नव्यानं लिहिताना, रिटर्न टाइप (मेथड काय परत देते तो प्रकार) पावतीच ठेवायचा का काटापट्टी लिहायचा?

पावतीच ठेवला तर हमाली बघायची म्हणलं की दरवेळी कास्ट करत बसा, म्हणजे ही काटापट्टीच आहे असं कंपायलरला बळंच सांगत बसा, आणि उद्या कुणी तिथून साधी पावती परत दिली तर कंपायलर काहीच बोलत नाही, ऐन सोयाबीनच्या सीझनला प्रोग्राम चालू असताना क्लासकास्ट एक्सेप्शन येतंय. हा रस्ता धरूच नका.

सरळ काटापट्टी लिहा. २००४ च्या जावा ५ पासून हे चालतंय, त्याआधी टाइप हुबेहूब तोच लागायचा. जुना कोड मोडत नाही, कारण काटापट्टी ही पावतीच आहे, आणि जुन्या टाइपची ब्रिज मेथड (नव्या मेथडकडं पाठवणारी) कंपायलर स्वतःच आत टाकतो. स्ट्रिंगबिल्डर बघा ना, अपेंडेबल इंटरफेसचं अपेंड अपेंडेबल देतंय पण स्ट्रिंगबिल्डरनं ते ओव्हरराइड करून स्ट्रिंगबिल्डरच परत दिलाय, म्हणून तर अपेंडला लागून लगेच रिव्हर्स लिहिता येतंय. फक्त इंटचं लाँग किंवा उलटं असलं काही जमत नाही, प्रिमिटिव्हला, म्हणजे असल्या साध्या टाइपला, टाइप तोच पाहिजे.

जेनेरिक्स, म्हणजे टाइपच्या जागी टी असं अक्षर ठेवून खरा टाइप नंतर भरायचा, ते कधी? पॅरामीटरचा टाइप पण सबक्लासप्रमाणं बदलायचा असंल तेव्हाच. कारण पॅरामीटर नेमका केला की ते ओव्हरराइड राहतच नाही, ओव्हरलोड होतंय, म्हणजे त्याच नावाची दुसरीच मेथड, आणि हे लई जणांच्या ध्यानात येत नाही. नुसत्या रिटर्नसाठी मात्र जेनेरिक्स नको, ते टी सगळ्या कोडभर पसरतंय.

सी शार्पवाल्यांना हे २०२० ला सी शार्प ९ मधी मिळालं, ते पण क्लासपुरतं, इंटरफेसला नाही. सी प्लस प्लसला पॉइंटर नाहीतर रेफरन्स असंल तरच, युनिक पॉइंटर (पॉइंटर आत गुंडाळणारा क्लास) परत देत असाल तर विसरा.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनी एक सांभाळा. जावा ९ मधी बाइटबफर क्लासची फ्लिप ही मेथड त्याच्या मेन क्लासऐवजी, म्हणजे बफरऐवजी, बाइटबफर द्यायला लागली, अन् ९ वर कंपाइल केलेला कोड ८ वर नोसचमेथड एरर देऊ लागला, कारण बाइटकोडमधी (कंपाइल होऊन तयार झालेल्या कोडमधी) रिटर्न टाइप पण लिहिलेला असतोय. गिऱ्हाइकाकडं जुना जावा असंल तर कंपाइल करताना रिलीज ८ चा फ्लॅग द्या, नुसत्या सोर्स आणि टार्गेटनं भागत नाही.