एका सुईत मलेरिया बरा होत नाही

गडचिरोलीच्या जंगलपट्टीत राहणाऱ्यांनी हे वाचावं आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना सांगावं, म्हणून लिहितो आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी मोटरसायकलला बॅग अडकवून येणारे, कुणाच्या तरी छपरीत बसून सुया टोचणारे बोगस डॉक्टर आपल्याकडे नवे नाहीत. त्यांतल्या एकाने आमच्या वहिनीला फसवलं आणि तिचा जीव धोक्यात घातला.

रोवण्याचे दिवस होते. वहिनीला हुडहुडी भरून ताप आला. डोकं फुटेल असं दुखत होतं. त्या माणसाने रक्ताचा थेंबही घेतला नाही. डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाला, "मलेरियाच आहे बाई. सरकारी गोळ्यायले आता हा मलेरिया जुमानत नाही. तुले शहरातली भारी सुई देतो, परवा रोवण्याले जाशील." एक सुई टोचली, कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या बांधून दिल्या आणि हजार रुपये घेतले. म्हणजे रोवण्याची कित्येक दिवसांची मजुरी.

दुसऱ्या दिवशी ताप खरंच उतरला. सगळी फसवणूक इथेच आहे. काहीच फरक पडला नसता तर त्याला कुणी दारात उभं केलं नसतं. ताप उतरला म्हणून शेजारच्या दोघीतिघी त्याच्याकडे गेल्या.

पंधरवडा उलटतो न उलटतो तोच ताप फिरून आला, आणि या वेळी वहिनी उठून बसेना, बोलताना अडखळू लागली. आशाताईंनी बोटातून रक्त घेऊन किटवर तपासलं. फाल्सीपेरम निघाला, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा मलेरिया. त्यांनी एक तासही दवडू दिला नाही. ग्रामीण रुग्णालयात शिरेतून आर्टेसुनेट सुरू झालं, शुद्ध नीट आल्यावर तोंडाने गोळ्यांचा पूर्ण कोर्स दिला आणि वहिनी वाचली. यातल्या कशालाही पैसे लागले नाहीत.

दादाने त्या सुईची रिकामी कुपी आणि उरलेली पुडी जपून ठेवली होती. कुपीवर आर्टीमेथर असं लिहिलेलं होतं. म्हणजे औषध मलेरियाचंच होतं, पण एकच मात्रा! गोळ्यांवर ना नाव, ना तारीख. तिथल्या डॉक्टर मॅडमनी जे समजावलं, ते प्रत्येकाला माहीत असायला हवं.

आर्टीमेथर, आर्टेसुनेट ही आर्टेमिसिनीन या एकाच घराण्यातली औषधं. अंगातले बहुतेक जंतू ती झपाट्याने मारतात, म्हणून ताप लगेच उतरतो. पण काही तासांतच ती रक्तातून निघून जातात. उरलेले जंतू मारायला त्यांच्यासोबत जास्त काळ टिकणारं दुसरं औषध द्यावं लागतं, आणि तीन दिवस सलग. बांधीतलं निंदण अर्धवट सोडलं तर चिवट तणच मागे राहतं, तसे औषधाला थोडेफार दाद न देणारे जंतू जगतात आणि वाढतात. डास तेच जंतू दुसऱ्याच्या अंगात नेतो. म्हणून तर नुसत्या आर्टेमिसिनीनच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर भारतात 2009 मध्ये बंदी आली. सुई आहे ती गंभीर रुग्णासाठी, दवाखान्यात, आणि तिच्या मागून पूर्ण कोर्स द्यायलाच हवा.

हे आधी घडून गेलेलं आहे. एके काळी क्लोरोक्विन सगळ्या मलेरियावर चालायचं. 1973 मध्ये आसामात फाल्सीपेरम त्याला दाद देईना असं आढळलं, आणि आज फाल्सीपेरमसाठी ते देत नाहीत. कंबोडियाच्या पश्चिम भागात आर्टेमिसिनीनचाही असर मंदावल्याचं दिसलं, आता आफ्रिकेत रवांडा, युगांडाकडेही दिसतं आहे. हेही औषध हातचं गेलं तर आमच्या भामरागड, एटापल्लीच्या पोरांना काय द्यायचं? "सरकारी गोळ्या चालत नाहीत" म्हणून भीती घालणारा माणूस स्वतःच त्या गोळ्या निकामी करत गावोगाव हिंडतो आहे, याचा मला संताप येतो.

तेव्हा रक्त न तपासता मलेरिया सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. आशाताईकडे किट असतं, गोळ्याही असतात, आणि दोन्ही फुकट. फाल्सीपेरमच्या गोळ्यांची पाकिटं वयाप्रमाणे वेगळ्या रंगाची असतात, त्यावर नाव आणि तारीख छापलेली असते. सुटी पुडी कधीच घेऊ नका. व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाचा दुसरा प्रकार, निघाला तर प्रायमाक्विन हे औषध चौदा दिवस घ्यावं लागतं, कारण तो जंतू यकृतात दडून बसतो. ताप गेला म्हणून पाचव्या दिवशी थांबू नका. बाई गरोदर असेल तर मात्र आधी सांगा, तिला प्रायमाक्विन देत नाहीत. आणि कोर्स झाल्यावर ताप परतला तर काचपट्टीवर रक्त तपासून घ्या, कारण किट काही वेळा बरं झाल्यावरही काही आठवडे मलेरिया दाखवतं.

आम्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली आहे, सोबत कुपी आणि पुडीही दिली. तो माणूस आमच्या बाजारात आता येत नाही, दुसऱ्या गावच्या बाजारात बसतो असं कळतं. तुमच्या घरी अशी कुपी किंवा पुडी असेल तर फेकू नका. तारीख आणि गाव लिहून ती प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन द्या, आणि ज्याने ते औषध घेतलं असेल त्याला ताप नसला तरी सोबत न्या.