सेकंडहँड लेझर ४.७: आठ महिने आणि डोलकाठीचं भोक

रंगपंचमीच्या आठवड्यात लेकीसाठी जुनी लेझर ४.७ घेतली, म्हणजे एकट्यानं चालवायची छोटी शिडाची बोट; ४.७ हे शिडाचं माप, चौरस मीटरमध्ये. आता तिला आयएलसीए ४ म्हणतात, पण आमच्या तोंडी लेझरच. तेव्हापासून दर शनिवारी इंदूरहून भोपाळचा बडा तलाव. मला बोलायचंय ते शिडाची डोलकाठी ज्यात उभी करतात, त्या बोटीतल्या भोकाबद्दल.

पावसाळा सरला आणि बोट जड लागायला लागली. ५९ किलोची बोट आम्ही दोघं आरामात उचलायचो, ती हलेना. मागचं बूच काढलं तर बादलीभर पाणी! कारागिरानं बाहेरून जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत लेप, फासून साडेचार हजार घेतले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. वर म्हणे, जुन्या बोटीत एवढं चालायचंच. भांडलो, पण पैसे गेले ते गेलेच.

शेवटी गाडीच्या टपावर बांधून बोट घरी आणली. अंगणात ठेवून भोकात तांब्यानं काठोकाठ पाणी ओतलं. चहा होईपर्यंत पाणी चार बोटं खाली, म्हणजे ते इथूनच बोटीच्या पोटात झिरपत होतं. उपसून टॉर्च मारला, तर तळाशी फायबर झिजून गोल चर पडलेली आणि तिच्यात वाळू.

लेझरच्या डोलकाठीला उभं धरून ठेवणाऱ्या ताणाच्या तारा नसतात. शीड बाहीसारखं काठीवर चढवायचं, आणि बोट वळली की काठी भोकात फिरते. मध्ये वाळूचा कण आला की पाटा-वरवंटाच. ब्रूस कर्बींनी १९६९ साली टपावरून नेता येईल अशी सहलीची बोट म्हणून ही आखली, १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे, आणि एवढ्या वर्षांत हे भोक सुधारलं नाही, असं मी रागानं बोलत होतो.

ते आता मागे घेतो. तारा नाहीत म्हणूनच लेक एकटी बोट उभी करते. वाळू आम्हीच आत नेत होतो, काठी किनाऱ्यावर मातीत आडवी टाकून. आता खाली सतरंजी असते, भोक ओल्या फडक्यानं पुसतो, तळाशी टेफ्लॉनची चकती टाकलीय. चर इपॉक्सी राळ आणि ग्लासक्लॉथ, म्हणजे काचतंतूंचं कापड, लावून मीच भरली, नऊशे रुपयांत.

देवासच्या नेहा ठाकूरनं २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत याच प्रकारात रौप्य जिंकलं, तेव्हापासून लेकीला हीच बोट हवी होती. ती उंच झाली की नवी बोट नको, फक्त काठीचा खालचा तुकडा आणि शीड बदलायचं. ४.७ चा तुकडा वाकडा दिसतो म्हणून परत करू नका. शीड लहान झालं की वाऱ्याचा जोर पुढे सरकतो, तो मागे आणायला मुद्दाम बाक दिलेला असतो.

काल पुन्हा तांब्या ओतला. सकाळी पाणी काठोकाठ तसंच होतं.