ट्रान्सप्लांटनंतरची शुगर आणि दंडावरचा सेन्सर: काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकते. किडनी ट्रान्सप्लांटनंतर शुगर मागे लागली असेल तर ग्लुकोजचा सेन्सर (दंडावर चिकटवून सतत शुगर मोजणारं छोटं यंत्र) लावून बघाच. पण तो कायमचा दंडावर बाळगायची गरज मला वाटली नाही. औषधांचे डोस बदलत असतात तेव्हा तो सोन्यासारखा. एकदा घडी बसली की अधूनमधून पुरतो.

मला आधी मधुमेह नव्हता. नवी किडनी चालू लागली, क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) उतरलं आणि शुगर चढली. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधांपैकी टॅक्रोलिमस स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणं कमी करतं, तर प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडमुळे शरीर आहे त्या इन्सुलिनला दाद देत नाही. त्यात आणखी एक गंमत: इन्सुलिनचा बराचसा निचरा किडनी करते. जुन्या किडन्या थकलेल्या असताना ते रक्तात रेंगाळत राहायचं, नवी मात्र झटपट हिशोब मिटवते!

सेन्सरची खरी कमाई म्हणजे त्याचा आलेख. माझी फास्टिंग शुगर बहुतेक वेळा बघण्यासारखी असायची. सेन्सर लावल्यावर दिसलं ते असं: सकाळी नाश्त्यानंतर प्रेडनिसोलोन, तरी दुपारपर्यंत रेघ जेमतेम हललेली. दुपारच्या जेवणानंतर चढण सुरू, संध्याकाळी दोनशेच्या वर मुक्काम, आणि रात्री झोपेत आपोआप उतार. उजाडता परत शहाण्यासारखी. सकाळी घेतलेल्या स्टिरॉइडचा हा ठरलेला नमुना आहे. पहाटेचा आकडा बघून रात्रीचं इन्सुलिन वाढवत नेलं असतं तर संध्याकाळ तशीच राहिली असती आणि पहाटे शुगर पडली असती. डॉक्टरांनी आलेख बघून एनपीएच (मध्यम काळ टिकणारं) इन्सुलिन सकाळी, गोळीच्या वेळेलाच सुरू केलं. त्याचा जोर दुपारीच येतो, त्यामुळे चढण बरीच बसली.

एचबीएवनसीचं, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचणीचं काय, असं कुणी विचारेल. ट्रान्सप्लांटनंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत तो आकडा फसवा असतो. रक्त कमी असतं, कुणाला रक्त चढवलेलं असतं, कुणाची तांबड्या पेशी वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं चालू असतात. तांबड्या पेशी नव्या असल्या की तो खोटा कमी येतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही सुरुवातीच्या काळात एकट्या एचबीएवनसीवर विसंबू नका असं आहे. निदानासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची चाचणी सर्वांत भरवशाची. सेन्सर निदानासाठी नाही, हेही लक्षात असू द्या.

आता कटकटी. त्या दंडावर झोपलं की सेन्सर दाबला जातो आणि मध्यरात्री शुगर ५५ म्हणून बोंब मारतो. उठून बोट टोचावं तर ११०. पहिल्या दिवशीचे आकडेही मी मनावर घेत नाही. शिवाय तो रक्तातली नाही, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून पाच-दहा मिनिटं मागे चालतो. चालून आल्यावर हा फरक चांगलाच जाणवतो. तेव्हा ग्लुकोमीटर आणि पट्ट्या घरात हव्यातच. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसनं काही सेन्सर चुकीचे आकडे दाखवतात, माहितीपत्रक वाचा.

आपल्यासारख्यांसाठी खास अडचण कातडीची. स्टिरॉइडनं ती पातळ झालेली असते. पहिल्यांदा नेहमीच्या पट्टीसारखा ओढून काढला तर साल निघाली आणि जांभळा डाग राहिला. आता कडेनं तेल लावून, थांबून, हळूहळू सोडवते. नवा लावताना जागा स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू देते, दंड बदलते. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना लालसर सूज आली तर एक दिवसही वाट बघायची नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

आणि आलेख कितीही वाकडा दिसला तरी टॅक्रोलिमस किंवा प्रेडनिसोलोनला आपल्या मनानं हात लावायचा नाही. शुगरला औषधं आहेत, पण रिजेक्शन, म्हणजे शरीरानं किडनी नाकारणं, सुरू झालं तर किडनीच पणाला लागते. माझा प्रेडनिसोलोनचा डोस डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं उतरवला, तसं इन्सुलिनही उतरलं. सध्या सेन्सर नाही. डोस पुन्हा बदलला की लावणार, तोवर संध्याकाळच्या जेवणाआधी एकदा बोट टोचते.