छोटं पोळपाट-लाटणं, खेळण्यातलं नव्हे, खरं

तुळशीबागेतून लेकीसाठी सहा इंची लाकडी पोळपाट आणि बेताचं लाटणं आणलं, त्याला तीन महिने झाले. ती साडेचार वर्षांची आहे. लाटणं तिच्या मुठीत नीट बसतं, पोळपाट डुगडुगत नाही. रंगवलेला संच मात्र घेऊ नका. आमच्या आधीच्या संचाचा लाल रंग कणकेला लागला होता.

घडीची पोळी करताना गोलाचा अर्धा, अर्ध्याचा पाव होतो, हे तिला कुणी सांगितलं नाही, हातालाच कळलं. आता कणीक मळली की विचारते, "आजोबांना दोन, बाबाला चार, मग गोळे किती गं आई?" मी उत्तर देत नाही. ती गोळे मांडून मोजते.

परवाची तिची वेडीवाकडी पोळी आजोबांनी तूप लावून मागून घेतली.