पुढच्या अ‍ॅक्सलचं ‘फुल ओव्हरहॉल’: जिप्सीवाल्यांनो, सावध राहा

माझ्याकडे मारुतीची जिप्सी किंग आहे, 1.3 लिटरची. मावळात, वेल्ह्याच्या बाजूला, चिखलातून आणि ओढ्यांतून ती बरीच फिरते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या पुढच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल एका नावाजलेल्या ऑफ-रोड गॅरेजमध्ये पूर्ण उघडून दुरुस्त करायला दिला. तक्रारी दोन होत्या. फोर-व्हीलमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढली की डाव्या चाकातून कट-कट आवाज यायचा, आणि साठच्या आसपास वेगात चाक खड्ड्यात आदळलं की स्टिअरिंग हातात थडथडायचं. बिल 38 हजारांचं झालं. दोन्ही बाजूंचे जॉइंट नवे, किंगपिनची चारही बेअरिंगं नवी, सगळी ऑइल सीलं नवी, असं त्यात लिहिलं होतं. प्रत्यक्षात यातलं काहीही बदललेलं नव्हतं.

हे लपवलं कसं ते कळायला आधी आतली रचना माहीत हवी. जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड, पाट्यांच्या स्प्रिंगवर बसलेला. मध्ये डिफ, म्हणजे दोन्ही चाकांत ताकद वाटणारा डिफरन्शियल, त्यात गिअर ऑइल. दोन्ही टोकांना चाकामागे पोलादी गोळा आणि त्याच्या आत ग्रीसमध्ये बसलेला जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला ताकद पोचवणारा सांधा. डिफचं ऑइल आणि हे ग्रीस यांना वेगळं ठेवतं ते प्रत्येक बाजूचं एक छोटंसं सील. ते गेलं की ऑइल गोळ्यात उतरतं, ग्रीस पातळ होतं आणि चाकाच्या आतल्या बाजूनं काळं ओघळायला लागतं. गोळ्याच्या वर आणि खाली किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या खुंट्या, तिथं टेपर (निमुळती) बेअरिंगं. त्यांचा ताण शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, घालून-काढून जमवायचा असतो. चांगला मेकॅनिक चाकामागच्या वळणाऱ्या भागाला स्प्रिंग काटा लावून ओढतो आणि किती ताकदीला तो फिरतोय ते मोजतो. हा ताण सैल झाला की थडथड सुरू होते.

आता लबाडी बघा. जॉइंटच्या आत सहा छर्रे असतात. गाडी पुढं जाताना ते खाचेच्या एकाच अंगाला घासतात. डावीकडचा जॉइंट उजवीकडे बसवला की न झिजलेलं अंग कामाला लागतं आणि आवाज बंद होतो. जुनेजाणते मेकॅनिक अडीनडीला, मालकाला सांगून, असं करतात. त्यात गैर काही नाही. पण नव्या जॉइंटचे पैसे घेऊन हे करणं म्हणजे सरळ चोरी आहे. थडथडीवर उपाय म्हणून जुन्याच बेअरिंगांखालचे शिम काढून ती करकचून आवळली, आणि वर स्टिअरिंगचे हादरे दाबणारा डँपर ‘आमच्याकडून भेट’ म्हणून बसवून दिला. शेवटी सगळ्या अ‍ॅक्सलला काळा रंग मारला. “साहेब, जेन्युइन पार्ट टाकलेत, आता पाच वर्षं बघायला नको,” असं गॅरेजच्या मालकानं स्वतः सांगितलं.

त्या रंगानंच घात केला. अ‍ॅक्सलवर श्वास घेण्यासाठी ब्रीदर असतो. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते; ब्रीदर मोकळा असेल तर बाहेरची हवा आत येते, बुजलेला असेल तर सीलांच्या फटीतून पाणी ओढलं जातं. माझा ब्रीदर रंगानं पार बुजला होता. पावसाळाभर ओढे ओलांडले, आणि एका चढावर, खडकात चाक अडकलेलं असताना, जॉइंट फुटला. उजवीकडचा. आवाज मात्र नेहमी डावीकडून यायचा, तेव्हाच शंका आली.

दुसऱ्या मेकॅनिकनं माझ्यासमोर सगळं खोललं. डिफचं ऑइल पाणी शिरून दुधाच्या चहासारखं झालं होतं. फुटलेल्या जॉइंटच्या खाचा दोन्ही अंगांनी झिजलेल्या. किंगपिनच्या बेअरिंगांच्या वाट्यांत रोलरच्या जुन्या खुणा खोल रुतलेल्या. सीलं दगडासारखी कडक, ओठ चिरलेले. गॅरेजला फोटो पाठवले तर उत्तर आलं की ऑफ-रोडला गाडी घातली की आमची जबाबदारी संपते. ऑफ-रोडच्याच नावावर गिऱ्हाईक गोळा करणारे हे लोक! उतारावर हा जॉइंट अडकला असता तर गाडीतल्या माणसांचं काय झालं असतं, याचा विचार त्यांना शिवलाही नाही.

म्हणून काम देतानाच सांगा की काढलेला प्रत्येक पार्ट परत हवा, नव्याचं खोकं हवं, आणि बिलावर पार्ट नंबर हवा. गोळा उघडा असताना स्वतः जाऊन बघा. गाडी ताब्यात घेताना डांबरी रस्त्यावर चक्कर मारून काही कळत नाही. पुढच्या चाकांचे हब लॉक करा (म्हणजे चाकांना ताकद पोचते), मोकळ्या मातीत फोर-व्हील टाका आणि दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. थडथडीचं कारण न सांगता कुणी डँपर सुचवला तर आधी किंगपिन तपासायला लावा. पाण्यातून आल्यावर डिफचा प्लग सैल करून ऑइलचा रंग बघा. 2023 मध्ये आलेल्या मारुती जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सलही असाच अखंड आहे, तिच्या मालकांनाही हे लागू आहे.

मी काढलेले पार्ट, बिल, फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी निवेदन घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सदोष सेवेची तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर 1915. तुमच्या गाडीचंही असं ‘ओव्हरहॉल’ झालं असेल, तर मुदत संपण्याआधी एकदा गोळा उघडून घ्या.