दोन हजार मीटरची वेळ उतरवायची : संथ लांब पल्ला की वेगवान इंटरव्हल?

इंदूरमध्ये रोइंगकडे, म्हणजे वल्ह्यांनी होडी पळवण्याच्या शर्यतीच्या खेळाकडे, वळलेल्या चौदा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींचा बहुतेक सराव जिममधल्या, सरकत्या सीटवर बसून हँडल ओढायच्या रोइंग मशीनवरच होतो, कारण रोइंगची राज्य अकादमी भोपाळच्या मोठ्या तलावावर, म्हणजे इथून सुमारे १९० किलोमीटर दूर आहे. तिथल्या पाण्यापर्यंत पोहोचण्याआधी मुलाजवळ दाखवण्यासारखा आकडा एकच असतो, तो म्हणजे मशीनवर २००० मीटरला लागलेली वेळ. ती कमी करण्यासाठी दोन तऱ्हांचा सराव सुचवला जातो : एक संथ आणि लांब पल्ल्याचा, दुसरा थोड्या थोड्या अंतराचा पण जीव तोडून केलेला, मध्ये विश्रांती घेत, म्हणजे इंटरव्हल. शाळा आणि क्लास सांभाळून आठवड्याला चार-पाच तास मिळाले तरी पुष्कळ, त्यामुळे कोणत्या सरावाला किती वाटा द्यायचा, हे मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना ठरवावेच लागते. माझे मत असे की, पहिल्या वर्षी तरी, चाचणीआधीचे दीड-दोन महिने सोडून, या वेळेचा किमान तीन चतुर्थांश भाग संथ सरावाला द्यावा.

हे मत पटण्यासाठी आधी मशीनचे गणित समजून घ्यायला हवे. हवेच्या पंख्याच्या मशीनवर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २००० मीटर ८ मिनिटांत पूर्ण करणारा मुलगा, म्हणजे दर ५०० मीटरला २ मिनिटांचा स्प्लिट राखणारा, सरासरी सुमारे २०३ वॉट शक्ती लावतो. त्याला ७ मिनिटे ५० सेकंदांवर यायचे असेल तर साधारण १३ वॉट वाढवावे लागतात. हेच दहा सेकंद ७ मिनिटांवरून ६:५० वर येण्यासाठी कमी करायचे म्हटले, तर सुमारे २३ वॉटची गरज पडते. याचा सरळ अर्थ असा की, नवख्या मुलाचे पहिले वीस-तीस सेकंद कोणत्याही नियमित सरावाने उतरतात. नेमक्या त्याच काळात तो इंटरव्हल करत असेल तर सगळे श्रेय इंटरव्हलला मिळते, आणि चार महिन्यांनी वेळ एका जागी अडली की आणखी इंटरव्हल वाढवले जातात. आपल्याकडे सर्वाधिक मुले इथेच अडकलेली दिसतात.

संथ सराव म्हणजे किती संथ, याबद्दल स्पष्ट असायला हवे. स्ट्रोक रेट, म्हणजे हँडल ओढण्याची संख्या, मिनिटाला १८ ते २०, वीस-वीस मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटे पाणी पिण्यापुरती विश्रांती, आणि श्वास असा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. आठ मिनिटांच्या मुलासाठी हा वेग ५०० मीटरला २:२० ते २:३० इतका येतो आणि त्याला तो लाजिरवाणा वाटतो. शेजारच्या मशीनवर कोणी जोरात ओढत असेल तर पाचव्या मिनिटाला याचाही स्प्लिट २:१० वर सरकतो आणि सरावाचा हेतूच बिघडतो. २००० मीटरच्या शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्याने तयार होते. हृदयाने एका ठोक्यात अधिक रक्त ढकलणे, स्नायूंमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होणे, पेशींमधली ऊर्जाकेंद्रे वाढणे, हे बदल अशाच लांब सरावाने घडतात. ते सावकाश होतात, पण टिकून राहतात.

इंटरव्हलचे सामर्थ्य वेगळे आहे. ५०० मीटरच्या आठ फेऱ्या प्रत्येकी तीन-साडेतीन मिनिटांच्या विश्रांतीने, किंवा १००० मीटरच्या चार फेऱ्या पाच मिनिटांच्या विश्रांतीने केल्या की शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल मर्यादा वर सरकते, मांड्या पेटलेल्या असताना लय धरून ठेवण्याची सवय लागते, आणि शर्यतीचा वेग अंगात भिनतो. सहा ते आठ आठवड्यांत फरक दिसतो आणि त्यानंतर वाढ मंदावते. म्हणून २००० मीटरची चाचणी दीड-दोन महिन्यांवर असेल तर इंटरव्हलला पर्याय नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करेन. त्यापूर्वीच्या काळात आठवड्यातून एकदा इंटरव्हल पुरेसे आहेत, आणि चाचणीच्या तोंडावर फार तर दोनदा.

किशोरवयात या दोन पद्धतींमधला सर्वांत महत्त्वाचा फरक मला दुखापतीचा वाटतो. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. हाडे आधी लांबतात, मांडीमागचे स्नायू मागे राहतात, आणि पुढे वाकताना मूल खुब्यातून वाकण्याऐवजी पाठीतून वाकते. अशा मुलाला सहाव्या ५०० मीटरला नीट पाहा : पाय जोर देतात तेव्हा सीट मागे सरकते, पण हँडल जागचे हलत नाही, आणि क्षणभराने सगळा भार कंबरेच्या खालच्या भागावर येतो. रोइंगमध्ये सर्वाधिक तक्रारी कंबरेच्याच असतात. संथ सरावात हाच दोष दिसतो, पण तिथे तो सुधारायला सवड असते : आधी पाय, मग धड, मग हात, परतताना आधी हात, मग धड, मग गुडघे, आणि ओढायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ परतायला. दमलेल्या शरीराला नवे तंत्र शिकवता येत नाही, म्हणून तंत्राच्या दृष्टीने ही तुलना बरोबरीची नाहीच.

कंटाळा हा मात्र संथ सरावाचा खरा तोटा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. बंद खोलीत तासभर पंख्याचा एकसुरी आवाज ऐकत ओढत राहणे पंधरा वर्षांच्या मुलाला जड जाते, आणि एप्रिल-मेमध्ये इंदूरचा पारा चाळीसच्या वर गेला की दुपारचा सराव धोक्याचाही ठरतो. मालव्याच्या रात्री त्यामानाने थंड असतात, म्हणून सूर्योदयाच्या सुमाराची वेळ गाठावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी जवळ असावे. बोर्डाच्या परीक्षेच्या वर्षी हिशेब थोडा बदलतो : जानेवारी ते मार्च तासाभराची बैठक जमत नसेल तर अर्धा तासच संथ ओढावे, पण वेळ वाचवण्यासाठी रोज इंटरव्हल करू नयेत. जागरण आणि रोजचा जोरकस सराव एकत्र आले की मूल हमखास आजारी पडते.

दोन्ही पद्धतींची प्रगती मोजताना मशीनबाबत एक काळजी घ्यावी. पंख्यात किती हवा शिरू द्यायची ते ठरवणारा बाजूचा डँपर दहावर ठेवला म्हणजे जास्त व्यायाम होतो, हा जिममधला समज चुकीचा आहे. त्याने फक्त प्रत्येक स्ट्रोक जड होतो. मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे पंख्याला होणाऱ्या हवेच्या विरोधाचा आकडा, दिसतो, तो ११० ते १३० च्या दरम्यान ठेवावा. पंख्याच्या जाळीत धूळ बसली की डँपर त्याच आकड्यावर असूनही ड्रॅग फॅक्टर उतरतो, त्यामुळे दोन जिममधल्या वेळांची तुलना डँपरच्या आकड्यावरून करणे व्यर्थ आहे. चुंबकी मशीनवरचे मीटर तर या हिशेबात धरूच नयेत.

वजने उचलण्याचा सराव आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली आणि दोन्ही पद्धतींना पूरक म्हणून असावा. वेळ कमी व्हावी म्हणून वजन घटवण्याच्या नादी या वयात कोणीही लागू नये, आणि मुलीची पाळी चुकू लागली तर सराव कमी करून डॉक्टरांकडे जावे.

घाई करणाऱ्या पालकांनी दत्तू भोकनळ यांच्याकडे पाहावे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे भोकनळ सैन्यात गेल्यानंतर रोइंगकडे वळले, आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी होडी चालवण्याच्या शर्यतीत, तेरावे आले. हा उशिरा पिकणाऱ्या खेळाडूंचा खेळ आहे. पंधराव्या वर्षी आठ मिनिटांवर असलेल्या मुलाचे काहीही बिघडलेले नसते.

तेव्हा चाचणी सहा महिन्यांवर असेल तर पहिले चार महिने आठवड्याला तीन संथ बैठका आणि एक इंटरव्हल, आणि शेवटचे दोन महिने दोन-दोन, असे ठरवावे. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा. प्रत्यक्ष चाचणीत पहिले दहा स्ट्रोक जोरात घेऊन लगेच ठरलेल्या स्प्लिटवर उतरावे आणि १५०० मीटरपर्यंत त्यावरच राहावे. पहिल्या ५०० मीटरला पाच सेकंद वाचवणारी मुले तिसऱ्या ५०० मीटरमध्ये दहा गमावतात, हे मॉनिटरवर साठवलेल्या स्प्लिटवरून कोणालाही पडताळून पाहता येईल.