कूलरच्या नावाखाली थंड केला तो फक्त मीटर

तेलाचे तापमान कमी दिसावे म्हणून तेल थंड करावेच लागते असे नाही. सेन्सरची जागा बदलली तरी भागते. माझ्या बाईकवर मोठा ऑइल कूलर बसवून देणाऱ्याने हेच केले, आणि वर पुरावाही दाखवला. तो पुरावा चटकन पटतो, म्हणून हे लिहितोय.

गाडी एअर-ऑइल कूल्ड. पाण्याचा रेडिएटर नाही, त्यामुळे हेडची, बेअरिंगची, पिस्टनच्या खालच्या बाजूची उष्णता वाहून नेणे तेलाच्याच माथी. (सुझुकीने १९८५ च्या जीएसएक्स-आर ७५० मध्ये हीच वाट धरली होती. पद्धतीत खोट नाही, पण तेलावर भार फार.) क्लच आणि गिअरबॉक्सही बहुतेक बाईकप्रमाणे त्याच तेलात. ट्रॅकवर सलग ताणली की संपमधले (इंजिनच्या तळाशी साठणारे) तेल १३० अंशांच्या पुढे जायचे आणि गरम इंजिन आयडलवर आले की तेल पातळ पडून प्रेशर उतरायचे, त्याचा दिवा लुकलुकायचा.

त्याने फिल्टरखाली 'थर्मोस्टॅटवाली' सँडविच प्लेट (फिल्टर आणि इंजिनच्या मधे बसून तेल कूलरकडे वळवणारी चकती), स्टीलच्या जाळीचे होज, निळी-लाल फिटिंग आणि जाडजूड कूलर चढवला. "संपमधला सेन्सर उगाच जास्त दाखवतो, नवा लाइनमध्ये टाकतो," म्हणत सेन्सर कूलरकडून परत येणाऱ्या होजवर बसवला. पुढच्या राइडला मीटर ९५ वर. मग लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन काढून दोन्ही होजची फिटिंग दाखवली. "बघा, तीस अंशांचा फरक पडलाय!"

एक तर चकचकीत धातूवर ती गन कमीच आकडा दाखवते. काळी टेप चिकटवून तिच्यावर रोखावी लागते. पण खरी ग्यानबाची मेख वेगळीच. कूलर किती उष्णता बाहेर टाकतो हे नुसत्या अंशांच्या फरकावरून कळत नाही, त्या फरकाला तेलाच्या प्रवाहाने गुणावे लागते. कूलरमध्ये जेमतेम धार सोडली, तर ती आत रेंगाळते आणि चांगलीच गार होऊन बाहेर येते. फरक मोठा दिसतो, काम जवळपास शून्य. म्हणजे ज्या तीस अंशांवर तो छाती फुगवत होता, ते तेल धड वाहत नसल्याचेच लक्षण होते.

मीटर ९५ म्हणत असताना दिवा मात्र पूर्वीसारखाच लुकलुकत राहिला. गाडीत असलेले १०डब्ल्यू-४० ग्रेडचे तेल एवढ्या तापमानाला इतके पातळ पडत नाही. डिपस्टिकच्या जागी बसणारा थर्मामीटर घातला, तर संपमध्ये १३५! आणि त्याच वेळी कूलरच्या पट्ट्या मात्र त्या मानाने कितीतरी गार.

प्लेट उघडली. आत थर्मोस्टॅटचा भागच नव्हता. चांगल्या प्लेटमध्ये तेल तापले की तो भाग फुगतो, बायपासची, म्हणजे कूलरला वगळून जाणारी, वाट दाबून धरतो आणि तेल कूलरकडे वळवतो. इथे बायपासचे भोक कायम उघडे. तेल सोपी वाट धरणार, कूलरकडे वाट चुकलेले काय जाईल तेवढे. विकत घेण्याआधी हे तपासायला फार कष्ट नाहीत: प्लेट ८५-९० अंशांच्या गरम पाण्यात बुडवायची आणि आतला भाग हलतो का ते बघायचे.

होजची तऱ्हा त्याहून भयंकर. रंगीत 'फिटिंग' म्हणजे नुसत्या टोप्या निघाल्या. त्या सरकवल्यावर खाली साधे स्क्रूचे क्लॅम्प, आणि जाळीच्या आत मामुली रबर. वरून कीर्तन, आतून तमाशा. तेल प्रेशरखाली असते. असा होज वेगात निसटला तर तेल थेट मागच्या टायरवर येते, आणि इंजिनचा विचार करायला चालवणारा शिल्लक राहायला हवा. फिटिंगचा रंग गेला खड्ड्यात, टोपी सरकते का तेवढे आधी बघा. सरकली तर गाडी तिथून हलवूच नका.

कूलर बसवण्याआधीचा आणि नंतरचा आकडा एकाच सेन्सरचा, एकाच जागेचा हवा. कारागीर सेन्सर हलवायची गोष्ट काढतो तेव्हा जुना तिथेच ठेवून दुसरा जादा लावायला सांगा. प्रामाणिक माणसाची त्याला हरकत नसते.

जाब विचारला तर म्हणाला, "आकडा उतरला ना? तुम्हीच बघितलात." बरीच हुज्जत घातल्यावर पैसे परत द्यायला तयार झाला, पण सगळे सामान परत करायच्या अटीवर. सामान दिले नाही, पैसे सोडले. तीच प्लेट आणि तेच होज त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर चढवले असते.